१४६ नावं आणि एक वाद्यवृंद



शिबिरात आपण गाणी म्हणतो, पण आज मला पाश्चात्त्य वाद्यवृंदाबद्दल बोलायचं आहे. 'हे आपलं नव्हे' असं कुणाला वाटेल. मलाही वाटायचं. मग अमेरिकन संगीतकार ज्युलिया वुल्फ यांची 'फायर इन माय माऊथ' ऐकली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती जानेवारी २०१९मध्ये प्रथम सादर केली.

विषय न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याचा. तिथे बायकांचे ब्लाउज शिवले जात. २५ मार्च १९११ला आग लागली तेव्हा एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. १४६ जीव गेले. त्यांत १२३ बायका-मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित. (या आगीमुळे ८ मार्च सुरू झाला असं पत्रकांत कधीकधी छापलं जातं. ते खरं नाही. स्त्री-दिनाचा ठराव १९१०चा, कोपनहेगनचा.)

आपल्याकडे तानपुरा सा धरून ठेवतो आणि त्यावर एक गळा चालतो. तिकडे अनेक सूर एकाच वेळी वाजतात, त्या जुळणीला हार्मनी म्हणतात. जुन्या रचनांत सूर ताणले जातात आणि शेवटी घरी परततात, ऐकणारीला सुटल्यासारखं वाटतं. वुल्फ बाई ती सुटका सहज देत नाहीत. छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो, थरावर थर चढतो. 'कारखाना' या भागात वाद्यं शिलाईयंत्रांसारखी घरघरतात आणि त्यावर एक यिडिश, एक इटालियन गाणं एकदमच चालतं. एक दुसऱ्यात विरघळत नाही. एकत्र राबणाऱ्या, पण एकमेकींची भाषा न कळणाऱ्या बायका मला इथे दिसल्या.

गाणाऱ्या १४६, सगळ्या बायका आणि मुली. एका ठिकाणी त्यांच्या हातातल्या कात्र्यांचा आवाज हाच ताल होतो.

मालक डिसेंबर १९११मध्ये निर्दोष सुटले. १९१४मध्ये दाव्यांच्या तडजोडीत माणशी ७५ डॉलर मिळाले. सहा मृतांची ओळख तर शंभर वर्षं पटली नव्हती, २०११मध्ये ती नावं सापडली. म्हणून शेवटच्या भागात सगळी १४६ नावं गाता आली. ती एकमेकांवर चढत जातात. शब्द नीट ऐकू येत नाहीत, अशी एका मैत्रिणीची तक्रार होती. मला ती अर्धीच पटते. एकेक नाव सावकाश वाचलं तर यादी होते, इथे गर्दी होते.

आता तोच भाग लावते. नावांचे कागद वाटले आहेत. बोट ठेवत ऐका.