माझ्यामागे हिचे कसे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करणे हे माझे काम नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकले ते स्वयंपाकघरात आणि घरच्या माणसांत. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुस्तकातले सांगू नका, घरात जे केलेत ते सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या धाकट्या वन्संना आपण सर्वजणी ओळखता. २००३ साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांची समज वयाच्या मानाने मागे आहे. पूर्वी याला मतिमंद म्हणत, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून त्यांना वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. पुष्कळांना याचे हसू येते. पण नणंद ती नणंद; समज कमी म्हणून नाते कमी होत नाही.

पहिली गोष्ट ही सांगायची की, हे वेड नव्हे आणि रोगही नव्हे. औषधाच्या बाटलीने, अंगाऱ्याने किंवा नवसाने ते जात नाही. म्हणून शिकणे मात्र थांबत नाही. आपण जे चार दिवसांत शिकतो त्याला त्यांना चार महिने लागतील, पण एकदा हाती बसले की सहसा सुटत नाही. अशी घरे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. तेव्हा ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही.

मूल लहान असते तोवर सर्वांना त्याची माया येते. शाळाही मिळते. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली निघाली, पुण्याची कामायनी १९६४ साली. या दोन्ही संस्थांनी शाळेच्या जोडीला मोठ्या मुलामुलींसाठी कामाचे शिक्षणही सुरू केले, कारण खरी अडचण शाळा सुटल्यावर उभी राहते. २०१५ साली वन्संना अठरा पूर्ण झाली आणि त्यांची शाळा संपली. दुसऱ्या दिवसापासून त्या दारात बसू लागल्या. बरोबरीच्या मुली कोणी कॉलेजात गेल्या, कोणी सासरी गेल्या. यांना मात्र दिवस उगवायचा आणि मावळायचा, एवढेच.

सासूबाईंचे त्यांच्यावर फार प्रेम. वेणी त्याच घालीत, घास त्याच भरवीत. पण रात्री अंथरुणावर पडल्या की मला विचारीत, "माझ्यामागे हिचे कसे?" भगिनींनो, ज्या घरी असे मूल आहे त्या घरच्या प्रत्येक आईचा हाच प्रश्न असतो. २०१७ साली सासूबाई गेल्या. तेराव्यापर्यंत वन्सं ताटापुढे बसून राहत, हात उचलीत नसत; आई येऊन भरवील म्हणून वाट पाहत. तेव्हा मी मनाशी ठरवले की, सासूबाईंच्या प्रश्नाला "मी आहे" एवढे उत्तर पुरे नाही. मी तरी किती दिवस पुरणार?

मग सुरुवात केली. विशेष शाळेतल्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती, ती फार उपयोगी पडली. कोणतेही काम बारीक पायऱ्यांत तोडायचे आणि शेवटची पायरी आधी शिकवायची. कुडता घालायचा तर डोके, हात सगळे मी घालून द्यायचे. शेवटी खाली ओढणे तेवढे त्यांचे. काम पुरे झाल्याचा आनंद त्यांना मिळतो. ते जमले की त्याच्या आधीची पायरी त्यांची. असे करीत चार महिन्यांत त्या आपल्या आपण कपडे घालू लागल्या. चहालाही तीच रीत. आधी फक्त गाळणे, मग साखर, मग पाणी मोजणे आणि सर्वांत शेवटी गॅस पेटवणे. भिंतीवर भांड्यांची चित्रे ओळीने चिकटवली. एकदा बोटाला चटका बसला. घरातली मंडळी म्हणाली, आता पुरे. मी म्हटले, आपल्याला तरी चटका बसल्याशिवाय पोळी भाजता आली का?

यात सर्वांत अवघड काम शिकवणाऱ्याचे आहे, ते म्हणजे गप्प बसणे. त्या बटण लावताना चाचपडतात आणि आपले हात शिवशिवतात. तेव्हा मी मनात वीसपर्यंत आकडे मोजते. पुष्कळदा पंधराच्या आत बटण लागलेले असते.

मासिक अडचणीबद्दल बायकांत बोलायला लाज कसली? दिनदर्शिकेवर तांबड्या पेन्सिलीची खूण त्या स्वतः करतात आणि पिशवीत काय न्यायचे ते त्यांना ठाऊक आहे. आपल्या शरीराला कोणी हात लावायचा, कोणी नाही, "नको" म्हणून मोठ्याने कसे ओरडायचे आणि घरी येऊन कोणाला सांगायचे, हेही शिकवले आहे. कित्येक घरांतून भीतीपोटी अशा मुलींना कोंडून ठेवतात. ती भीती मला समजते. पण दाराला कडी लावून मुलगी काही शिकत नाही. जिला "नको" म्हणता येते आणि जिला वाटेवरची वीस माणसे नावानिशी ओळखतात, तिची मला त्यामानाने कमी काळजी वाटते.

पैशांचा हिशेब त्यांना येत नाही. म्हणून पाकिटात दहादहाच्या नोटा ठेवतो. दुकानदाराने तेवीस रुपये सांगितले तर वीसच्या पुढची एक नोट जास्त, म्हणजे तीन नोटा द्यायच्या आणि उरलेले परत घ्यायचे. आपल्या कोपऱ्यावरचे वाणी हे समजून घेतात आणि सुटे पैसे हातावर मोजून देतात. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. सुरुवातीला ते एक गोळी फुकट देत असत. मी हात जोडून सांगितले, गोळी विकत द्या. गिऱ्हाईक म्हणून वागवा.

घरातून एवढे होते. पुढचे मात्र शेजाराच्या हाती आहे. तेच मागण्यासाठी आज मी बोलते आहे.

एका घरून मला हळदीकुंकवाचे बोलावणे आले आणि सोबत निरोप, "तुम्ही एकट्याच या." वन्संनी तो ऐकला. त्यांना बेरीज येत नसली तरी हे समजते. त्या दिवशी त्यांनी नवा ड्रेस घडी करून परत कपाटात ठेवला. मी त्या घरी गेले नाही. राग धरण्यासाठी हे सांगत नाही; कित्येकींना कसे वागावे हे ठाऊक नसते एवढेच. म्हणून सांगते: त्यांच्याविषयी मला विचारू नका, त्यांनाच विचारा. "हिला चहा चालतो का?" असे नको, "चहा घेणार का?" असे म्हणा. उत्तराला वेळ लागला तर थांबा. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला "बाळ" म्हणून गालगुच्चा घेऊ नका.

कागदपत्रांचेही थोडे सांगते, कारण आया ते टाळतात. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढावे, त्यावर एस.टी.त सवलत आणि इतर योजना मिळतात. अठरा पूर्ण झाली की कायद्याने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांग यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. पालक नेमण्याची गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. याच न्यासाची निरामय ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. ही कामे आपण हिंडत्याफिरत्या आहोत तोवरच करावीत.

आता आपल्या मंडळाविषयी. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे "चाकाची खुर्ची" हे पुस्तक आपल्या कपाटात आहे. तरुण वयात पाय गेले, तरी त्यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढून कितीतरी अपंगांना शिक्षण आणि काम दिले. आपण त्यांचे पुस्तक आवडीने वाचले. पण उद्या त्या आपल्याकडे आल्या तर या सभागृहात शिरतील कशा? दाराशी दोन पायऱ्या आहेत. त्यांची उंची धरून चालू एक फूट. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्या अंगणात तेवढी जागा आहे. मागच्या गल्लीतला, पोलिओने पाय गेलेला तरुण आपल्या व्याख्यानांना खिडकीबाहेर उभा राहतो. त्याच्या कुबड्यांनाही तो उतार सोयीचा होईल.

दुसरी मागणी पापडाच्या कामाची. गेल्या दिवाळीत वन्सं आठ दिवस पुड्या भरायला आल्या. काट्यावर २०० चा आकडा दिसला की थांबायचे, एवढे त्यांना शिकवले. त्यांची पुडी कमी भरली नाही, जास्तही नाही. आपल्या गप्पांत आपल्याच पुड्या चुकल्या. त्यांना मजुरी मिळाली, त्यातून त्यांनी भाच्याला भाऊबीजेला चेंडू आणला. तो चेंडू देताना त्यांची मान किती ताठ होती! हे काम त्यांना दयेने नको, इतरांच्याच दराने बाराही महिने हवे. आपल्या पेठेत अशा आणखी दोन मुली घरात बसून आहेत. त्यांच्या आयांशी मी बोलले आहे. त्या दोघी पाठवायला तयार आहेत, पण "बायका काय म्हणतील?" म्हणून अडल्या आहेत. त्या बायका म्हणजे आपणच. तेव्हा काय म्हणायचे ते आज ठरवू या.

या वर्षी मंडळाने तिघींना सभासद करून घ्यावे, वर्गणी त्यांच्याच हातून घ्यावी आणि पावतीवर त्यांचेच नाव लिहावे, अशी माझी सूचना आहे. वन्सं आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. वर्गणीच्या नोटा त्यांनी सकाळीच मोजून पाकिटात ठेवल्या आहेत.