आमवात: आधी कोरडा शेक

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, दुधाची पिशवीसुद्धा फोडवत नाही. सांधे दुखले की घरोघरी पहिली निघते ती तेलाची बाटली. आमवातात मात्र आयुर्वेद इथंच हात धरतो. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात या रोगाचं स्वतंत्र प्रकरण आहे. न पचलेला ‘आम’ सांध्यांत साठतो, असं तिथलं म्हणणं. म्हणून सुरुवातीला तेल चोळायचं नाही; हलका आहार, सुंठीचं पाणी आणि तव्यावर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक. एरंडेल पोटात घ्यायचं, तेही वैद्य सांगतील तेवढंच. संधिवाततज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नका. एकदा वाकडा झालेला सांधा शेकानं सरळ होत नाही. दोन्हीकडची औषधं दोन्ही डॉक्टरांना दाखवा.