‘सगळं ठीक ना?’ हा प्रश्न पुरत नाही

आज एका आकड्याबद्दल बोलूया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यानुसार भारतातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. म्हणजे दहाजणींत जवळपास तिघी.

मी सॉफ्टवेअरवाली. आकडा दिसला की माझा पहिला प्रश्न, हा मोजला कसा?

पोलिसांतल्या तक्रारी मोजून नाही. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली, असं याच सर्वेक्षणात दिसलं. तीही बहुतेक वेळा माहेरच्यांची. ७७ टक्के जणींनी तर कुणाला सांगितलंसुद्धा नाही. एरर लॉग रिकामा आहे म्हणून सिस्टीम धडधाकट असते असं नाही ना, तसंच हे.

मग थेट विचारायचं का, "ताई, तुमच्यावर अत्याचार होतो का?" उत्तर येईल, "छे, तसं काही नाही. चिडले की हात उचलतात कधीतरी, तेवढंच." म्हणजे 'नाही' म्हणता म्हणता ती 'हो' सांगून गेली!

म्हणून सर्वेक्षणात एकेक कृती विचारतात. नवऱ्याने ढकललं का? थोबाडीत मारली? हात पिरगळला? लाथ मारली? गळा दाबला? मनाविरुद्ध शरीरसंबंधाची जबरदस्ती केली? कृतींची अशी यादी करून मोजायची पद्धत अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७०च्या दशकात मांडली.

विचारायचेही नियम आहेत. एका घरात एकाच बाईला, तेही एकांतात विचारायचं. कुणी मध्ये आलं तर हे प्रश्न थांबवायचे. कारण उत्तर कुणाच्या कानावर गेलं, तर भोगायचं तिलाच.

तरीही बरंच निसटतं. एक थप्पड आणि वर्षानुवर्षांचा मार, दोन्ही या आकड्यात एकच 'हो' होतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो. शिवाय लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. पण तिचा पगार काढून घेणं, रोज पाणउतारा करणं, हे त्या २९.३ मध्ये नाही. बॉयफ्रेंडचा मार खाणारी मुलगीही त्यात नाही.

आता आपलं काय? एखाद्या मैत्रिणीबद्दल शंका आली, तर नुसतं "सगळं ठीक ना?" विचारू नका. त्यावर "हो गं" एवढंच येणार. प्रत्यक्ष भेटा, ती एकटी असताना. मेसेज नको, तिचा फोन तो तपासत असेल. मग नेमकं विचारा: "त्याने हात उचलला का? पैसे काढून घेतो का? घरी जायची भीती वाटते का?" ती बोलली तर मध्ये सल्ले देऊ नका, आधी ऐकून घ्या. पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्या. आणि महिला हेल्पलाइनचा नंबर तिला तोंडी सांगा, तीनच आकडे आहेत: १८१.

भेटू पुढच्या भागात.