घरच्यांचें ऋण

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांत पळसगांव म्हणून एक खेडें आहे. नाईक यशवंत घाडगे तेथले. १० जुलै १९४४ रोजीं इटलींतील टायबर नदीच्या खोऱ्यांत मशीनगनच्या माऱ्यानें त्यांच्या तुकडींतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. ते एकटेच शत्रूच्या ठाण्यावर धावून गेले, तें त्यांनीं काबीज केलें, आणि लगेच दुसऱ्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं पडले. वय अवघें २२! व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

हा पराक्रम पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु त्यांची समाधि कोठेंच नाहीं. कॅसिनो येथील स्मारकावर केवळ नांव कोरलेलें आहे. दहाव्या दिवशीं पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांत, ज्या घरीं ना देह येतो ना अस्थि, तेथें मागें राहिलेल्यांनीं काय सोसलें असेल, हें आपणांस निराळें सांगावयास नको. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवानें तर पहिल्या महायुद्धांत ४६ माणसें गमावलीं.

अशा एखाद्या घरीं जाण्याचा योग आला, तर पदक खुशाल पाहावें. पण आधीं घरांतल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसावें, आणि तो लहानपणीं कसा होता, तें विचारावें.