पाटी कोणाच्या नावावर?



भिवापुरी मिरचीचं तिखट, मूगवड्या, कुरड्या... आपले गट काय काय करतात, ते नागपूर जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आज बोलायचं आहे ते या मालाच्या वेबसाइटबद्दल. त्यात आमचे हात पोळले. तुमचे पोळू नयेत.

आमच्या गटानं एका ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली. दिसायला छान होती. पण तिखटाचा भाव बदलला, की त्यालाच फोन. तो म्हणे, "ताई, रविवारी करतो." असे कितीतरी रविवार गेले. मग तो नोकरीसाठी परगावी गेला, नंबर बदलला आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर वेबसाइट बंद पडली. चौकशी केली, तेव्हा कळलं की तिचं नाव त्याच्या नावावर होतं आणि वर्षाचे पैसे भरलेच नव्हते. पासवर्ड आमच्याकडे नव्हताच. पाकिटांवर छापलेला पत्ता वाया गेला.

दुसऱ्यांदा आम्ही वर्डप्रेस घेतलं. ही वेबसाइट चालवायची तयार व्यवस्था आहे. घर बांधायला गवंडी लागतो, पडदा बदलायला लागत नाही. तसंच हे. एकदा जाणकाराकडून बसवून घेतलं, की भाव आणि फोटो आपले आपण मोबाइलवरून बदलतो. मराठीही निवडता येते.

वर्डप्रेस 'ओपन सोर्स' आहे, म्हणजे त्याची कृती उघडी आहे. पापडाचं प्रमाण शेजारणीला सांगावं, तिनं त्यात मिरी वाढवून पुन्हा सगळ्यांना सांगावं, तसं. पूर्वी बी-टू नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. ते करणाऱ्यानं काम थांबवलं. पण कृती उघडी होती, म्हणून अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी ती पुढे नेली. त्यातूनच २००३ साली वर्डप्रेस आलं. करणारा तिथंही थांबला होता, काम मात्र अडलं नाही. आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्टही असंच उघडं आहे. त्यात मालाचा साठा आणि हिशेब ठेवता येतो.

पण सॉफ्टवेअर मोफत, म्हणजे सगळंच फुकट नव्हे. बाजारात दुकान थाटायचं, तर जागेचं भाडं आणि पाटी लागतेच. इथे जागा म्हणजे होस्टिंग आणि पाटी म्हणजे डोमेन, आपल्या वेबसाइटचं नाव. मुदत संपली, की दोन्हीचे पैसे पुन्हा भरावे लागतात.

म्हणून बैठकीत ठराव करा. डोमेन गटाच्या नावावर आणि गटाच्या ईमेलवर घ्या. ओटीपी येणारा मोबाइल गटातल्याच बाईचा असू द्या. मुदतीची तारीख इतिवृत्तात लिहा. वर्डप्रेसमध्ये 'प्रशासक' म्हणजे सगळ्या किल्ल्या. त्या दोघींकडे द्या, एकीकडेच नको. भाव बदलणारीला 'संपादक' एवढाच अधिकार पुरतो. पासवर्ड बंद पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवा आणि बदलला, की पाकीटही बदला. महिन्यातून एकदा वेबसाइटची नक्कल, म्हणजे बॅकअप, उतरवून घ्या.

करून देणाऱ्या मुलाला त्याची मजुरी जरूर द्या, कामाचे पैसे आहेत ते. पण आपलं पासबुक जसं आपण दुसऱ्याच्या घरी ठेवत नाही, तशा या किल्ल्याही ठेवायच्या नाहीत. ज्यांची वेबसाइट आधीच आहे, त्यांनी येत्या बैठकीत एवढं विचारा: पाटी कोणाच्या नावावर आहे?