बसण्याच्या जागेला बक्षीस



आज मी तुम्हांला एका बक्षिसाची गोष्ट सांगणार आहे. ती ऐकून काहींना हसू येईल, काहींना थोडा रागही येईल. विलायतेत निरनिराळ्या शहरांत दरसाल तिथल्या उत्तम ‘पब’ला बक्षीस देतात. पब म्हणजे इंग्रजांचं जुन्या वळणाचं पेयगृह. तुम्ही म्हणाल, “वा! आम्ही गावोगाव दारू बंद करा म्हणून मोर्चे काढतो, आणि हे आकाशवाणीवर येऊन गुत्त्याच्या बक्षिसाचं कौतुक सांगतात!”

तर आधीच सांगून टाकतो. मी दारूची भलामण करायला आलेलो नाही. दारूनं आपल्याकडं किती चुली विझवल्या, हे मला कुणी सांगायला नको. आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान मतदान घेऊन बंद करता येतं आणि ‘आडव्या बाटली’ला कौल देऊन कितीतरी गावांतल्या आयाबहिणींनी ते करून दाखवलं आहे. त्यांचा मान मोठा. मला बोलायचं आहे ते पेयाबद्दल नव्हे, तर बसण्याच्या जागेबद्दल.

त्या बक्षिसाची हकीकत अशी. इंग्लंडात कारखान्यांतून तयार होऊन येणारी एकसारखी बीअर सगळीकडे पसरली आणि पिंपात मुरवलेली जुन्या रीतीची बीअर मागं पडू लागली. ते काही गिऱ्हाइकांना रुचेना. १९७१ साली चार तरुणांनी एक संघटना काढली. ‘कॅम्रा’ हे तिचं नाव. पुढं या संघटनेच्या लक्षात आलं की नुसतं पेय वाचवून भागत नाही. ते जिथं बसून घ्यायचं ती जागाही वाचली पाहिजे. म्हणून बक्षिसं सुरू झाली. आधी गावाचं-शहराचं बक्षीस, मग जिल्ह्याचं, मग विभागाचं आणि शेवटी सबंध देशाचं.

शेफील्ड हे पोलादाच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या ‘केलहॅम आयलंड टॅव्हर्न’ नावाच्या जागेनं २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं देशाचं बक्षीस मिळवलं. ही जागा म्हणजे काही राजवाडा नव्हे. कारखान्यांच्या वस्तीतली, एकदा बंद पडून पडीक झालेली आणि पुन्हा उभी केलेली साधी जागा.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. परीक्षा घेणारे कोण? साहेब नव्हेत, मंत्री नव्हेत. गिऱ्हाइकंच! संघटनेचे साधे सभासद जातात, आपल्या पैशानं बसतात आणि गुण देतात. माल कसा आहे हे बघतातच, पण त्याबरोबर आलेल्याचं स्वागत कसं होतं, आणि आजूबाजूच्या लोकांशी या जागेचं नातं कसं आहे, यालाही गुण असतात.

आता आपण शेफील्डहून थेट राजुरीला येऊ.

कल्याणहून नगरला जाणारा रस्ता माळशेज घाट चढून वर येतो, ओतूरवरून आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता ओलांडतो आणि पुढं राजुरी, बेल्हे अशी गावं लागतात. जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग. कांदा, ऊस आणि दुभती जनावरं हा इथला संसार. या रस्त्यावर पहाटे कुठंही थांबा. अजून उजाडलेलं नसतं, पण एका पत्र्याच्या शेडमध्ये स्टोव्हचा आवाज घुमत असतो. दूध घालून आलेला माणूस कॅन बाजूला ठेवून बाकड्यावर टेकतो. एका चहाचे दोन होतात. आणि मग गावाचं खरं वर्तमानपत्र उघडतं.

कांद्याला काल काय भाव फुटला? या आठवड्यात मोटारीची लाईट दिवसा आहे की रात्री? कुणाच्या उसात बिबट्या दिसला? सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजाराला कुणाची जोडी निघाली? अमक्याच्या मुलीचं कुठं जमलं, तमक्याचे वडील गेले, माती किती वाजता आहे? आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाईलवर कळतं. कळतं खरं. पण मोबाईलवर बातमी कळते, माणसाचा चेहरा कळत नाही. दोन दिवस एखादा म्हातारा बाकड्यावर दिसला नाही, तर “तात्यांकडं बघून या रे कुणीतरी,” असं म्हणणारा चहावालाच असतो. हे काम करायला त्याला कुणी नेमलेलं नसतं, आणि त्याचा पगारही त्याला मिळत नाही.

पाहुण्याला घटकाभर टेकायला जागा देणं ही आपल्या जुन्नरच्या मातीतली फार जुनी गोष्ट आहे. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर कातळात खोदलेल्या गुहा आहेत, पाण्याची टाकी आहेत. जुन्नरच्या लेण्यांत तर गंमतच आहे. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शिलालेखात एका यवनानं, म्हणजे परदेशी माणसानं, भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एकानं पाण्याच्या दोन टाक्या दिल्या. बघा, दूर देशाहून आलेला माणूस इथं आला आणि त्यानं काय दान दिलं? लोकांनी बसून जेवावं म्हणून जागा, आणि तहान भागावी म्हणून पाणी! आणि ते नाव आपल्या लोकांनी दगडावर कोरून ठेवलं. याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

चहा मात्र आपल्याकडं अगदी अलीकडचा. १९०३ साली सरकारनं चहावर एक खास कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. हळूहळू चहा शहरात रुजला. मुंबईच्या नाक्यानाक्यावर इराणी हॉटेलं निघाली. धोबीतलावाजवळचं ‘कयानी’ हे त्यांतलंच, १९०४ सालचं. पुण्यात राजस्थानातून आलेल्या मंडळींनी पितळेच्या पातेल्यात आलं-वेलदोडा घालून उकळलेला चहा देणारी ‘अमृततुल्य’ दुकानं थाटली. आणि मग मोटारीच्या रस्त्यानं चहा आपल्या फाट्यावर येऊन पोचला.

पण श्रोतेहो, एकत्र बसून चहा घेणं ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी थोर मंडळी तिथं होती. सभेनंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेल्याला हात लावला. पण ख्रिस्ती मंडळींच्या हातचा चहा घेतला म्हणून सबंध पुण्यात गदारोळ उठला. नावं वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका पेल्यापायी एवढं रामायण!

ही झाली मोठ्या लोकांची गोष्ट. आता एक लहान गोष्ट सांगतो. ती माझ्या पाहण्यातली आहे.

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या वाटेवर एक हॉटेल होतं. मालक तसा बोलायला गोड. पण हॉटेलाच्या बाहेर, वळचणीला, एक कान तुटलेली कपबशी अडकवलेली असे. ती कशासाठी, हे मला बरेच दिवस कळलंच नाही. एकदा माझ्या वर्गातल्या मित्राचे वडील आले. त्यांनी ती कपबशी काढली, आपल्या हातानं विसळली, चहावाल्यानं वरून धार धरली, आणि त्यांनी उभ्यानंच चहा घेतला. कपबशी पुन्हा विसळून जागेवर अडकवली. मी आत बाकड्यावर बसलो होतो, माझा मित्र बाहेर बापाचा हात धरून उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही शेजारीच बसलो, पण त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोललो नाही. आजही ते आठवलं की चहाचा घोट घशात अडकतो.

त्या वेळीही कायदा होताच. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेत स्पष्ट म्हटलं आहे की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांत जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. पुढं १९७६ साली तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव दिलं. त्या कायद्यात हॉटेलातल्या भांड्यांचासुद्धा उल्लेख आहे! सर्वांसाठी ठेवलेलं भांडं वापरायला कुणाला मनाई करणं हा गुन्हा आहे. घटना लिहिणाऱ्यांना आणि कायदा करणाऱ्यांना हॉटेलातली कपबशी लहान वाटली नाही. ती माणुसकीची परीक्षा आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडं अशा जागेला बक्षीस द्यायचं झालं, तर पहिला प्रश्न चहाच्या चवीचा नसावा. पहिला प्रश्न हा असावा : इथं सर्वांना एकच कप मिळतो का? आणि सगळे एकाच बाकड्यावर बसतात का? कारण वळचणीची कपबशी गेली, तरी मनातली वळचण कधी कधी शिल्लक राहते.

दुसरा प्रश्न आमच्या मायबहिणींचा. पहाटे दूध त्याच काढतात, पण बाकड्यावर चहाला दिसतात का? बाजारहून दमून आलेली बाई रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहते, आत टेकत नाही. का बरं? तिला तिथं निःसंकोच बसता आलं, तर ती जागा सबंध गावाची. नाही तर ती अर्ध्याच गावाची.

बक्षिसांची आपल्याला सवय नाही असं नाही. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं. लोकांनी हातात खराटे घेतले, गावं आरशासारखी केली. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. कोर्टात वर्षानुवर्षं रखडलेली भांडणं पारावर बसून मिटली. मोठं काम झालं. पण आपलं आपण खरं बोलावं. काही ठिकाणी तपासणीची गाडी गेली, बक्षिसाचा फलक लागला आणि खराटा कोपऱ्यात गेला. ज्या गाडगेबाबांच्या नावानं बक्षीस होतं, त्यांनी स्वतः कधी तपासणीसाठी झाडलं नाही. त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई इथं धर्मशाळा उभारल्या. का? तर गोरगरिबाला पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून.

तेव्हा बक्षिसाचा हा दुसरा धडा. तपासणी एका दिवसाची नसावी. रोज येणाऱ्यानं वर्षभर बघून गुण द्यावेत. आणि बक्षीस मिळालं म्हणून चहाचा भाव वाढला, शहरातून गाड्या आल्या आणि जुना म्हातारा बाकड्यावरून उठला, तर ते बक्षीस त्या जागेला बाधलं असं समजावं.

अशा जागा आज कमी होत आहेत. रस्ता रुंद होतो, शेड मागं हटते. मुलगा शहरात नोकरीला जातो, स्टोव्ह पेटवायला कुणी राहत नाही. इंग्लंडातल्या काही खेड्यांत यावर एक तोड काढली आहे. तिथं २०११ साली कायदा झाला. त्यानं गावाच्या उपयोगाची जागा म्हणून अशा पबची नोंद करता येते. तो विकायला निघाला तर गावाला पैसे जमवायला मुदत मिळते. काही ठिकाणी गावकऱ्यांनी भाग गोळा करून सहकारानं तो चालवायला घेतला. आता सहकार हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको. दुधाची सोसायटी चालवणाऱ्या गावाला एक बाकडं जपता येणार नाही का?

माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटची विनंती तुम्हांला. सातवी-आठवीच्या मुलामुलींना एक काम द्या. आपल्या गावात लोक कुठं कुठं बसतात, त्याची यादी करू द्या. पार, चावडी, देवळाची ओसरी, वाचनालय, पिठाची गिरणी, चहाचं हॉटेल. प्रत्येक जागेला पाच प्रश्न विचारू द्या. इथं कुणीही बसू शकतं का? सर्वांना एकच भांडं आहे का? बायाबापड्या निःसंकोच येतात का? खिशात पैसे नसलेल्या म्हाताऱ्याला कुणी उठवतं का? आणि ही जागा उद्या बंद झाली, तर कुणाचं अडेल? मुलं खरं उत्तर आणतात. ती भीड धरत नाहीत. जी जागा पाचही प्रश्नांना उतरेल, तिला २६ जानेवारीला शाळेत बोलावून मुलांच्या हातानं लिहिलेला एक कागद द्या. ढाल नको, शाल नको.

आणि एखादी जागा पहिल्याच प्रश्नाला नापास झाली, तर मुलांनी मालकाला शिव्या देऊ नयेत. त्यांनी सरळ जाऊन सगळ्यांनी मिळून त्याच कपानं चहा प्यावा. माझ्या लहानपणी मी बाकड्यावरून उठून बाहेर माझ्या मित्राशेजारी उभा राहिलो असतो, तर बरं झालं असतं. ते माझ्याकडून झालं नाही. तुमच्या मुलांकडून होऊ द्या.