देणेकरी आणि घेणेकरी
(गांवच्या सप्ताहांत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



पैसा माणसाला बिघडवितो, हें आपण कीर्तनांत ऐकतोंच. पण गरिबीनें माणूस आपोआप साधु होतो असें जें सांगतात, तें मला पटत नाहीं. सांगणारे बहुधा पोटभर जेवून आलेले असतात.

माझेंच सांगतों. मुलीच्या लग्नासाठीं मीं कर्ज काढलें. दिवाळीचा वायदा टळला. सावकार दारांत आला तेव्हां धाकट्या पोराला म्हटलें, "सांग जा, बाबा घरीं नाहींत." शाळेंत खरें बोलण्याचा धडा देणारें हेंच तोंड! पुढें कर्ज फिटलें. पोर मात्र तें विसरलें नाहीं.

दोन सालांनीं मीं एका शेजाऱ्याला दोन मण ज्वारी उसनी दिली. आणि काय सांगूं! त्याची बायको बाजारांतून काय आणते, त्यांच्या चुलीवर फोडणी कधीं बसते, इकडेच माझें ध्यान. त्यांच्या घरीं सणाला पोळी झाली तर मला राग येई. दोन मण ज्वारीनें माझें एवढें केलें. मग ज्याच्या पेटींत साऱ्या गांवाचे रोखे, त्याचें काय होत असेल?

देहूच्या तुकोबांनीं हीं दोन्ही टोकें भोगलीं. घरीं दुकान होतें, सावकारी होती. १६३० च्या दुष्काळांत दिवाळें निघालें, थोरली बायको अन्नावांचून गेली. लोकांकडे येणें आणि घरांत दाणा नाहीं! अशा वेळीं कोणीही वसुलीला निघेल. त्यांनीं कागद काढले, अर्धे धाकट्या भावाला, कान्होबाला, दिले (भावाच्या वाट्यावर आपण धर्म केला नाहीं, हें ध्यानांत घ्या) आणि आपले अर्धे इंद्रायणींत सोडले, असें महिपतीनें लिहून ठेविलें आहे. कुळें सुटलीं, तसे तुकोबाहि सुटले. कोणाच्या चुलीकडे पाहण्याचें त्यांना कारणच उरलें नाहीं.

सगळेच सावकार असे कोठले? १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत कुणबी उठले. तें बंड गांवोगांव पसरलें आणि रोखे जाळले गेले. पुढें १८७९ च्या कायद्यानें रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची वाट कोर्टाला मिळाली. कायद्यानें खोटा आकडा खोडतां येतो. घेणेकऱ्याची नजर आणि देणेकऱ्याची थाप खोडणें त्याच्या हातीं नाहीं.

त्या ज्वारीपैकीं एक मण अजून येणें आहे. ती नको, असें शेजाऱ्याच्या घरीं जाऊन सांगावयाचें ठरविलें आहे. अद्याप पाय वळला नाहीं.